सल्ला : तिसरे वर्ष करावे की नोकरी धरावी?

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. रसायनशास्त्र हा माझा मुख्य विषय आहे. घरी तीन एकर कोरडवाहू जमीन आहे. दादा बी.ए. झाला, पुण्यात राहून स्पर्धा परीक्षांची तयारी केली, पण निवड झाली नाही. आता तो गावाजवळच्या कृषी सेवा केंद्रात कामाला आहे. आमच्या गावातील काही मुली वाळूज एमआयडीसीत एका औषध कंपनीत ठेकेदारामार्फत पॅकिंगच्या कामाला जातात. मलाही महिना १२,००० रुपयांवर बोलावणे आले आहे. वडील म्हणतात, दादाच्या पदवीने काय झाले ते पाहिलेच आहे. कॉलेजात तास फारसे होत नाहीत, प्रॅक्टिकलचे जर्नल आम्ही मागच्या वर्षीच्या मुलींच्या जर्नलवरून उतरवून काढतो. मग तिसरे वर्ष कशासाठी करायचे? उच्च शिक्षणाचा नेमका उपयोग काय, हे मला प्रामाणिकपणे सांगावे.

उत्तर :

प्रिय मुली,

तू प्रामाणिक उत्तर मागितले आहेस, म्हणून आधी निर्णय सांगते आणि मग त्यामागची कारणे. तिसरे वर्ष पूर्ण कर. मात्र पहिली दोन वर्षे ज्या रीतीने गेली, त्याच रीतीने तिसरे जाणार असेल, तर वडिलांचे म्हणणे खोडून काढणे मला जड जाईल. तुझ्या पत्रात जर्नल उतरवून काढण्याबद्दलचे वाक्य तू जाता जाता लिहिले आहेस, पण माझ्या मते तुझ्या प्रश्नाचे उत्तर त्याच वाक्यापाशी आहे, आणि या पत्राचा बराचसा भाग मी त्यालाच देणार आहे.

त्याआधी दादाविषयी. वडिलांच्या मनात जे बसले आहे ते चुकीचे आहे असे म्हणून झटकून टाकता येणार नाही. आपल्या देशातील श्रमबलाच्या सरकारी पाहण्या वर्षानुवर्षे हेच दाखवत आल्या आहेत की, बेरोजगारीचे प्रमाण निरक्षरांपेक्षा पदवीधरांमध्ये जास्त असते. याचे एक कारण असे की, ज्याच्या घरी चूल त्याच दिवसाच्या मजुरीवर पेटते, त्याला बेकार राहणे परवडतच नाही. तो मिळेल ते काम धरतो. पदवीधर काही काळ वाट पाहतो, कारण त्याच्या घराने पोटाला चिमटा घेऊन त्याला ती सवड दिलेली असते. दादाला ती सवड तुमच्या घराने दिली, आणि त्याने ती वाया घालवली असे मला वाटत नाही. राज्यसेवेला लाखोंनी अर्ज येतात आणि जागा काही शे असतात, तेव्हा निवड न होणे हा कोणाच्या नालायकीचा पुरावा ठरत नाही. परंतु एक गोष्ट तुम्ही घरात बसून शांतपणे पाहावी. बी.ए.ची तीन वर्षे दादासाठी बहुधा ‘कोणत्याही शाखेची पदवी’ ही अट पूर्ण करण्यापुरती होती आणि खरा अभ्यास त्यानंतर पुण्याच्या पेठांतील अभ्यासिकेत सुरू होईल असे सगळ्यांनी गृहीत धरले होते. असे आपल्याकडच्या हजारो मुलांचे होते. पुढे निवड झाली नाही की पदवीही कोरी वाटते, कारण तिच्यात काही भरलेलेच नसते. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा पुन्हा वर्णनात्मक झाली आहे. विषय समजून घेऊन स्वतःच्या शब्दांत मांडायची जी सवय पदवीच्या वर्षांत लागायला हवी, तीच आता त्या परीक्षेतही लागणार आहे. तेव्हा दादाच्या अनुभवावरून मी एवढेच म्हणेन की, पदवीची वर्षे पुढच्या कशाची तरी वाट पाहण्यात घालवू नयेत.

आता ज्या कारखान्यात तुला बोलावणे आहे त्याच कारखान्याकडे पाहू. औषधाच्या गोळ्यांची पाकिटे ज्या इमारतीत खोक्यांत भरली जातात, तिथेच जवळपास गुणवत्ता नियंत्रणाची प्रयोगशाळा असते. आलेला कच्चा माल आणि तयार झालेले औषध तपासून ‘हे बाहेर जाऊ द्यावे’ किंवा ‘हे थांबवावे’ असे लिहून त्याखाली सही करणारी माणसे तिथे बसतात. त्यांच्यात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी., एम.एस्सी. झालेली मुले-मुली मोठ्या संख्येने असतात. औषधनिर्मितीच्या १९४५ च्या नियमांत उत्पादनावर देखरेख करणाऱ्या तांत्रिक व्यक्तीची जी पात्रता दिली आहे, तिच्यात औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीधराबरोबर रसायनशास्त्र हा मुख्य विषय असलेल्या विज्ञान पदवीधराचाही उल्लेख आहे. त्याला पदवीनंतर औषधनिर्मितीचा किमान ३ वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे तुझ्या हातातला विषय, तू सोडायला निघाली आहेस तेवढ्याच एका वर्षाच्या अंतरावर, कायद्याने मान्य केलेली शैक्षणिक पात्रता होतो; अनुभव त्यानंतर मिळवायचा. पॅकिंगच्या कामात कमीपणा नाही, आणि तुझ्या गावातील ज्या मुली ते करतात त्या आपल्या घराला आधार देत आहेत. पण ठेकेदाराच्या त्या कामातून प्रयोगशाळेच्या दाराकडे जाणारी वाट बहुतेक वेळा नसते, हे तुला आजच माहीत असलेले बरे.

हा झाला नोकरीचा हिशेब. तू मात्र त्याहून मोठा प्रश्न विचारला आहेस, आणि त्याचे उत्तर मी तुझ्याच विषयातून देते.

१९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात उपचारासाठी ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगापुढे खरेदीपासून तपासणीपर्यंतची हलगर्जी आणि भ्रष्टाचार उघड झाला. त्याला आता जवळपास चार दशके होत आली, आणि तरीही २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने लहान मुले दगावली, तेव्हा त्या औषधातही हेच रसायन सापडले. हे रसायन ओळखता येत नाही असे मुळीच नाही. ते तपासण्याच्या पद्धती ठरलेल्या आहेत, त्या शिकवल्या जातात, आणि चांगला शिकलेला विश्लेषक ते शोधून काढू शकतो. ज्या ठिकाणी ते सुटले, तिथे तपासणी झाली नव्हती, किंवा झाल्याचे नुसते कागदावर होते, किंवा ज्याला कळले त्याने तोंड उघडले नाही.

माझ्या मते उच्च शिक्षणाचा उद्देश इथे सर्वांत स्पष्ट दिसतो. खोकल्याचे औषध आणणारी आई स्वतः ते तपासू शकत नाही. पुलावरून जाणारा एसटीचा प्रवासी पुलाचे खांब मोजू शकत नाही आणि बियाण्याची पिशवी घेणारा तुझा बाप तिची उगवणक्षमता दुकानातच पाहू शकत नाही. हे सगळे लोक कोणत्या तरी अनोळखी माणसाच्या शब्दावर विसंबून असतात, आणि तो शब्द खरा असावा यासाठी समाज काही जणांना पोटापुरत्या शिक्षणापेक्षा अधिक वर्षे शिकवतो. आपल्या हाताने तपासणे, जे दिसले तेच लिहिणे, का दिसले याचे कारण देता येणे आणि वरिष्ठाने दडपण आणले तरी खोट्या नोंदीखाली सही न करणे, एवढे ज्या मुलीला जमते ती शिकली असे मी मानते. पगार आणि मान ही त्यानंतरची फळे आहेत. ती मिळावीत असे मलाही वाटते.

यात आणखी एक गोष्ट येते. महात्मा फुल्यांनी १८८२ साली ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात तक्रार केली होती की, सरकारचा महसूल कष्टकऱ्यांच्या श्रमातून येतो आणि तो खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. आज तुझ्यासारखी कोरडवाहू शेतकऱ्याची मुलगी रसायनशास्त्राच्या वर्गात बसली आहे, ही त्या तक्रारीपासून आपण थोडे तरी पुढे आल्याची खूण आहे. अनुदानित महाविद्यालयातील प्राध्यापकांचे वेतन सरकारी तिजोरीतून होते. तू भरतेस ती फी त्या खर्चाचा लहानसा भाग असते. तेव्हा तुझ्या शिक्षणात तुझ्या गावातील मजुरांचाही पैसा आहे. तो परत करायचा म्हणजे गावातच राहायचे असे मी म्हणत नाही. जिथे जाशील तिथे तुझी नोंद खरी असावी, एवढीच ती परतफेड.

म्हणून जर्नल. दुसऱ्याचे रीडिंग उतरवून काढणे ही आपल्याकडे इतकी रुळलेली रीत आहे की त्यात कोणाला काही वाटेनासे झाले आहे. मुलींना वेळ वाचल्याचे समाधान मिळते, शिक्षकांना जर्नल पूर्ण झाल्याचे, आणि परीक्षेत गुणही मिळतात. पण आपल्याकडच्या औषध कारखान्यांची तपासणी करणारी अमेरिकेची यंत्रणा नेमकी हीच गोष्ट शोधते : आकडे प्रत्यक्ष मोजले होते की मागून भरले. नोंदी विश्वासार्ह नाहीत या कारणावरून भारतातील काही कारखान्यांना इशारापत्रे गेली आहेत आणि काहींचा माल तिकडे घेणे बंद झाले आहे. बी.एस्सी.च्या जर्नलमध्ये जी सवय लागते, तीच पुढे कारखान्यात जाते. चांगल्या प्रयोगशाळेत चुकलेला आकडा खोडरबराने पुसत नाहीत आणि त्यावर पांढरी शाईही लावत नाहीत. त्यावर एकच आडवी रेघ मारतात, म्हणजे मूळ आकडा वाचता येतो, आणि शेजारी बरोबर आकडा, तारीख व आद्याक्षरे लिहितात. तू ही पद्धत पुढच्या प्रॅक्टिकलपासून सुरू करू शकतेस. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

आणि एक प्रयोग मी तुला मुद्दाम सुचवते. घरच्या बोअरचे पाणी एका स्वच्छ बाटलीत घेऊन प्रयोगशाळेत ने. तुमच्या भागात पाणी जड असते, डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्याच्या बुडाशी पांढरा थर बसतो, हे तुझ्या आजीलाही ठाऊक असेल. ते किती जड आहे हे मात्र तू सांगू शकतेस. पन्नास मिलिलिटर पाणी पिपेटने शंकूपात्रात घ्यायचे, दहा पीएचचे बफर घालायचे, एरिओक्रोम ब्लॅक टी या दर्शकाचे काही थेंब टाकायचे की पाणी द्राक्षारसासारखे लालसर होते. मग ब्यूरेटमधून, म्हणजे तोटी असलेल्या मापाच्या नळीतून, ०.०१ मोलर ईडीटीएचे द्रावण थेंबाथेंबाने सोडायचे. बराच वेळ काही होत नाही, नंतर लाली जांभळट होऊ लागते, आणि तिथे हात आवरला नाही तर नेमका थेंब हातचा जातो. लालीची शेवटची छटा जाऊन पाणी निळे होते तो अंत्यबिंदू. लागलेल्या ईडीटीएच्या मिलिलिटरांना वीसने गुणले की एका लिटरमागे किती मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका कठीणपणा आहे ते मिळते. दहा मिलिलिटर लागले तर २००, आणि भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची स्वीकार्य मर्यादा तेवढीच आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. पहिले रीडिंग आणि दुसरे जुळले नाही, तर का जुळले नाही याचा शोध घे : ब्यूरेटच्या टोकाशी हवेचा बुडबुडा राहिला होता का, डोळा ब्यूरेटमधल्या द्रावणाच्या पातळीत होता का, दर्शक जास्त पडला का. असा शोध घेणे म्हणजेच विज्ञान शिकणे, आणि मागच्या वर्षीच्या जर्नलमध्ये ते सापडणार नाही, कारण तिथे सगळी रीडिंग जुळलेलीच असतात. मिळालेला आकडा घरी सांग. तुझ्या शिक्षणाने काय होते या प्रश्नाचे एक लहानसे, पण खरे उत्तर वडिलांना त्यात दिसेल.

तास होत नाहीत, ही तुझी तक्रार मला पूर्ण मान्य आहे. अनेक महाविद्यालयांत जागा रिक्त आहेत आणि तासिका तत्त्वावरचे शिक्षक तुटपुंज्या मानधनावर, तेही वेळेवर न मिळता, काम करतात. यात बदल व्हायला हवा आणि त्यासाठी सरकारला जाब विचारायला हवा. पण तोवर तुझी वर्षे थांबणार नाहीत. वर्गातील चार-पाच जणींनी मिळून सरांकडे किंवा मॅडमकडे जा आणि सांगा की, आम्हाला हे प्रॅक्टिकल स्वतःच्या हाताने करायचे आहे, तुम्ही म्हणाल त्या वेळी येतो. माझा अनुभव असा आहे की शिकवायची इच्छा विझलेला दिसणारा शिक्षकही, समोर खरोखर शिकायला आलेले विद्यार्थी पाहिले की दार उघडतो. नाहीच उघडले, तर प्राचार्यांना सर्वांच्या सह्यांचे पत्र द्या. त्यात तक्रारीपेक्षा मागणी स्पष्ट लिहा, कोणती प्रॅक्टिकल राहिली आहेत आणि ती केव्हा हवी आहेत.

इंग्रजीविषयी तू काही लिहिलेले नाहीस, पण मराठी माध्यमातून आलेल्या मुली जर्नल उतरवतात त्यामागे बरेचदा तीच भीती असते. तसे असेल तर गाइड बाजूला ठेव, ग्रंथालयातून मूळ पाठ्यपुस्तक घे, रोज दोनच पाने वाच आणि वाचलेले घरी कोणाला तरी मराठीत समजावून सांग. दादा आहेच. त्याला समजले नाही, तर तुला अजून समजलेले नाही असे धर.

आता पैशाचा प्रश्न. घर आज त्या १२,००० रुपयांवाचून अडले असेल, कोणाचे आजारपण असेल किंवा सावकाराचा तगादा असेल, तर नोकरी धरण्यात काहीही चूक नाही, आणि त्याबद्दल स्वतःला बोल लावू नकोस. तसे असेल तर दोन गोष्टी आधी कर. नव्या शैक्षणिक धोरणात दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याला, ठरलेली श्रेयांके (क्रेडिट) पूर्ण केल्यास, पदविका मिळण्याची आणि नंतर परत येऊन पदवी पूर्ण करण्याची तरतूद आहे. तुझ्या अभ्यासक्रमाला ती कशी लागू होते, त्यासाठी जादा काय पूर्ण करावे लागते आणि परत येण्याची मुदत किती, हे महाविद्यालयाकडून लेखी घे. आणि घरात आजच ठरवून टाक की परत कधी जायचे. हे मी आग्रहाने सांगते, कारण परत येण्याचे दार नियमांत उघडे असले तरी आपल्याकडे मुलीने एकदा शिक्षण सोडले की मध्ये लग्नाची बोलणी येतात, आणि ‘पुढच्या वर्षी बघू’ असे म्हणत ते राहून जाते. मुक्त विद्यापीठाचा मार्गही चांगला आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून काम करणाऱ्या लाखो लोकांना शिकवत आले आहे. पण तुझा विषय प्रयोगशाळेचा आहे, आणि ब्यूरेटवरचा हात घरी बसून तयार होत नाही.

तुझ्या पत्रावरून मात्र घराची ओढाताण दिसते, अडचणीचा कडेलोट दिसत नाही. म्हणून वडिलांशी बोलताना उपयोगाविषयी वाद घालण्याऐवजी तिसऱ्या वर्षाचा खर्च कागदावर मांडून त्यांच्यापुढे ठेव : फी, परीक्षा शुल्क, पुस्तके, एसटीचा पास. विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत असते, म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्साच तुला भरावा लागतो. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर तुझ्या प्रवर्गानुसार शिष्यवृत्ती किंवा राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती यांपैकी जे लागू असेल त्याचा अर्ज भर. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून वेळेत काढ, कारण बहुतेक अर्ज कागदपत्रांपायी अडकतात. मुलींना १०० टक्के शुल्कमाफी हे जे २०२४ पासून ऐकू येते, ते व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, साध्या बी.एस्सी.ला ते धरून चालू नकोस. याशिवाय महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ योजना चालते का ते विचार. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात याच तत्त्वावर गरिबांची मुले शिकवली, आणि त्यात हलके असे काहीच नाही.

पुढच्या वर्षी, म्हणजे तिसऱ्या वर्षात असतानाच, जॅम या परीक्षेचा अर्ज भर. तिच्यातून आयआयटींमध्ये एम.एस्सी.ला प्रवेश मिळतो. ती अवघड आहे, पण तिच्यासाठी केलेला अभ्यास इतर विद्यापीठांच्या प्रवेशाला आणि कारखान्यातील मुलाखतीलाही उपयोगी पडतो. एम.एस्सी. करायचीच असा माझा आग्रह नाही. पदवीनंतर थेट प्रयोगशाळेत प्रशिक्षणार्थी म्हणून लागलीस तरी आनंद आहे. फक्त मुलाखतीत विचार की कामाची नेमणूक कंपनीची आहे की ठेकेदाराची, आणि ती कोणत्या विभागात आहे.

ठेकेदाराला आत्ताच नाही म्हणून कळव, म्हणजे तो ती जागा दुसऱ्या मुलीला देऊ शकेल. या सत्रातील जी प्रॅक्टिकल तू प्रत्यक्ष केलेली नाहीस, त्यांची यादी या आठवड्यात तयार कर आणि ती घेऊन विभागात जा. काय झाले ते मला जरूर लिही. सरांनी नकार दिला तर तेही लिही, मग पुढचे पत्र कोणाला आणि कसे द्यायचे ते आपण ठरवू.